सेंट पॉलमधलं दादर टीटी

अमेरिकेतल्या मिनेसोटात दादाकडे आम्ही बारा दिवस होतो. मॉल, तळी, पुन्हा मॉल. लिहावंसं वाटलं ते एकाच दुपारबद्दल, आणि तीही अण्णांच्या गुडघ्यांची कृपा.

जुलैतला रविवार. सेंट पॉलच्या कोमो पार्कातलं प्राणिसंग्रहालय फुकट, त्यामुळे गर्दी थेट राणीच्या बागेतली. पोरं ध्रुवीय अस्वलांकडे पळाली. अण्णा म्हणाले, "मला कुठेतरी टेकू दे गं." बाक शोधताना एक छोटी इमारत सापडली. १९०५ सालचं ट्रॉलीचं, म्हणजे आपल्या भाषेत ट्रामचं स्टेशन. पूर्वी लोक ट्रामने इथे सहलीला यायचे, आता आत ट्रामच्या इतिहासाची माहिती मांडली आहे. जवळच रुळांवरून जाणारा १९०४चा पूल आहे. पूल राहिला, रूळ गेले.

"कधी बंद झाली?"

"१९५४," दादा म्हणाला आणि त्याने फोनवर एक फोटो दाखवला. मागे ट्राम पेटलेली, पुढे ट्राम कंपनीचा साहेब हसत चेक घेतोय. हाच माणूस पुढे १९६०मध्ये ट्राम मोडीत काढतानाच्या अफरातफरीत दोषी ठरला.

"जाळली?" अण्णांचा आवाज चढला. "आपण निदान भंगारात तरी घातल्या!"

मग ते सुरूच झाले. ३१ मार्च १९६४. बोरीबंदरहून दादरला जाणारी मुंबईची शेवटची ट्राम. अण्णा तेवीस वर्षांचे, मुद्दाम गेलेले, आणि गर्दीत त्यांना चढायलाच मिळालं नाही. एक पाय पायरीवर पडला होता म्हणे, तेवढ्यात मागून कुणीतरी शर्ट ओढला. शर्टाचं बटण तुटलं ते कुठलं, वरून दुसरं, हेही सांगितलं. आम्ही दोघं भावंडं हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

खरं सांगायचं तर मी निम्मं आयुष्य दादर टीटीला बस पकडली, पण टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला चाळिशीनंतर कळलं. तोवर मी ते टपाल-तारेशी जोडून मोकळी झाले होते. आपल्याकडे ट्रामची उरली ती ही दोन अक्षरं, आणि इथे एवढं आख्खं स्टेशन, पंखा लावून, बसायला बाक ठेवून! जरा जळलेच मी.

निघायच्या आदल्या शनिवारी मिनियापोलिसला लेक हॅरिएटवर गेलो. तिथे जुन्या मार्गाच्या साधारण मैलभर तुकड्यावर १९०८ची ट्राम अजून धावते. अण्णा सगळ्यांच्या आधी चढले, गुडघे-बिडघे विसरून. फेरी संपली तरी उतरेनात. दादाने मुकाट्याने दुसरं तिकीट काढलं.