माहुलीच्या दोन काठांवर

सातारकर माहुलीला जातो तो बहुतेक वेळा घरात कुणी गेल्यावर. कैलास स्मशानभूमी तिथे, दहावा तिथे, अस्थी सोडायच्या त्याही तिथेच. विधी उरकतात, अंघोळ होते आणि मंडळी मागे वळून न बघता घरी निघतात, रीतच तशी आहे. त्यामुळे शहरापासून जेमतेम पाच किलोमीटरवरचा हा काठ कितीतरी सातारकरांनी नीट पाहिलेलाच नाही. छत्रपतींची राजधानी साताऱ्यात होती तेव्हा तिचं तीर्थ म्हणजे माहुली. दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर मी मुद्दाम, कुठलंही कार्य नसताना, फक्त बघायला म्हणून गेले.

कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरच्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दोघींची धार एकाच गोमुखातून पडते. तिथून कृष्णा धोम-वाईकडून लांबचा वळसा घालते, वेण्णा मेढा आणि कण्हेरच्या बाजूने खाली उतरते, आणि मधली डोंगरसोंड संपली की दोघी माहुलीत भेटतात. पश्चिम काठावर संगम माहुली, पूर्व काठावर क्षेत्र माहुली. गावं दोन, पण जुन्या माणसांच्या तोंडी एकच माहुली.

कोरेगाव रस्त्यावरून आत वळलं की काशी विश्वेश्वराचं देऊळ आधी अंगावर येतं. काळ्या दगडाचं भक्कम जोतं, दगडी खांबांचा मंडप, वर विटा आणि चुनेगच्चीचं शिखर, पुढे नंदी आणि दीपमाळ. १७३५ च्या सुमारास श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी हे बांधलं. हे श्रीपतराव म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले पहिल्या बाजीरावाचे कट्टर प्रतिस्पर्धी. बाजीराव उत्तरेत फौजा नेत होता त्या वर्षांत प्रतिनिधी इथे कृष्णेकाठी देवळं उभारत होते. पलीकडचं बिल्वेश्वरही त्यांचंच, १७४२ च्या आसपासचं. दरबारातल्या त्यांच्या वादात मी बाजीरावाच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. पण विश्वेश्वराच्या मंडपात भर दुपारी पाय टेकले आणि त्या गार दगडावर बसले तेव्हा प्रतिनिधींना मनापासून हात जोडले.

गाभाऱ्यातून बाहेर आलेल्या गुरवकाकांना विचारलं, "काका, पुराचं पाणी कुठवर येतं हो?"

"त्याचा काय नेम न्हाई, ताई. वरनं धोम आन् कण्हेर दोन्ही धरणं सोडली की पायऱ्या दिसत न्हाईत बघा. मग देव आन् आम्ही, दोघंच." आणि मग म्हणाले, "समाध्या बघायच्या असतील तर आत्ताच जावा. ऊन कलल्यावर खाली कोण नसतंय."

समाध्यांसाठीच मी आले होते.

घाटाखाली, पात्राला लागून, घडीव दगडांचे लहानमोठे चौथरे आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला ते नुसते पडके ओटे वाटतील. त्यातली एक समाधी थोरल्या शाहू महाराजांची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाची. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या हाती लागलेला तो मुलगा अठरा वर्षांनी, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटून आला. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात त्याला राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसवलं ते त्यांनीच, म्हणजे आज आम्ही ज्या पेठांतून भाजी आणतो त्या त्यांच्या. त्यांच्याच कारकिर्दीत मराठी फौजा नर्मदा ओलांडून पार अटकेच्या वाटेला लागण्याइतक्या वाढल्या. १५ डिसेंबर १७४९ ला ते गेले आणि दहन इथे झालं. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याची समाधी वर्षानुवर्षं गाळाखाली होती. साताऱ्यातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी गाळ उपसला, दगड मोकळे केले, म्हणून आज तिच्यापुढे डोकं टेकवता येतं.

त्याच दिवसांत याच काठावर महाराजांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. त्यामागे दरबारातलं राजकारण होतं, पेशव्यांच्या वाटेत येऊ शकणारी राणी नको होती, असं अनेक इतिहासकारांनी लिहिलं आहे. मी घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. लढायांच्या आणि तहांच्या तारखा पाठ करताना आपण या बाईपाशी कधी थांबत नाही. तिचं बोलणं कुणी ऐकून घेतलं होतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

जवळच खंड्याची समाधी दाखवतात. खंड्या हा महाराजांचा लाडका कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, भर दरबारात त्याच्या अंगावर दागिने चढवले, अशी गोष्ट सातारकडचं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. मीही आजीकडून ऐकलेली. इमानाची एवढी कदर करणारा राजा मला आवडतो.

आणि मग महाराणी ताराबाईंची समाधी. छत्र नाही, घुमट नाही. दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा, गाळाने अर्धा गिळलेला दगडी चौथरा. १७०० मध्ये नवरा, राजाराम महाराज, गेले तेव्हा ही बाई पंचविशीत होती. तिथून पुढची सात वर्षं खुद्द औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून बसलेला असताना तिने राज्य चालवलं, फौजा हलवल्या, गेलेले किल्ले पुन्हा घेतले. शाहू महाराज सुटून आल्यावर गादीसाठी ती त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. खेडच्या लढाईत हरली, तरी गप्प बसली नाही. पुढे पन्हाळ्यावर घरच्यांच्याच कैदेत पडली. तिथून साताऱ्यात आली ती शाहूंच्या आश्रयाला. आणि शाहू महाराज गेल्यावर, सत्तरी ओलांडलेली असताना, आपणच नातू म्हणून पुढे आणलेल्या छत्रपती रामराजाला तिने १७५० मध्ये अजिंक्यताऱ्यावर अडकवून ठेवलं! पानिपतची बातमी ऐकून ती १७६१ च्या डिसेंबरात गेली. आयुष्यभर शाहूंशी भांडली आणि निजली ती त्यांच्याच काठाला. येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटल्या त्या थेट १७१९ मध्ये, दिल्लीहून परतलेल्या बाळाजी विश्वनाथांबरोबर. त्यांची समाधीही माहुलीतच दाखवतात.

मला इथे एक मागणं मांडायचं आहे. या समाध्यांवर मोठमोठ्या कमानी, चकचकीत फरश्या आणि रंगवलेले पुतळे नकोत. पूर ओसरला की दरवर्षी गाळ निघावा, उतरायला धड पाऊलवाट असावी आणि प्रत्येक समाधीपाशी, पाण्यात टिकेल अशी, नाव कोरलेली एक शिळा असावी. एवढं झालं तरी दहाव्याला आलेल्या घरातली मुलं विचारतील, हे कोण? आणि कुणीतरी सांगेल.

पूल ओलांडून क्षेत्र माहुलीत गेले. इकडचा रामेश्वर विश्वेश्वराच्याही आधीचा, १७०८ च्या सुमाराचा. देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांनी तो बांधला. देगावच्या डोंगरातल्या पाटेश्वरच्या देवळांशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. रामेश्वरापासून नदीत उतरणारा घाट रुंद आणि देखणा आहे. या पायऱ्यांवरून समोर पाहिलं की विश्वेश्वराचं शिखर, दीपमाळा आणि त्यांच्या पायाशी समाध्यांचा काठ, सगळं एका नजरेत येतं. पश्चिम काठावर उभं राहून हे चित्र कळत नाही, म्हणून पूल ओलांडायचा कंटाळा करू नये. राधाशंकराचं देऊळही याच बाजूला आहे, पण तिथे मी फार रेंगाळले नाही.

ही माहुली रामशास्त्री प्रभुण्यांची. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांच्या तोंडावर त्यांना दोषी ठरवणारा न्यायाधीश या गावातून गेलेला. शास्त्रीबुवांनी पद सोडून पुणं सोडलं, ते राघोबांची सत्ता गेल्यावरच परत आले. क्षेत्र माहुलीच्या बोळांतून चालताना मला सगळ्यात जास्त अभिमान या माणसाचा वाटला. छत्रपती इथे शेवटच्या विसाव्याला आले, शास्त्रीबुवांची सुरुवातच इथली.

आणखी एक भेट या गावाने पाहिली. १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव माहुलीत मुक्कामाला होता आणि इंग्रजांतर्फे सर जॉन माल्कम त्याला इथे येऊन भेटला. दोस्तीच्या गोष्टी झाल्या. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली आणि पुढच्या फेब्रुवारीत साताऱ्याच्या किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

जायचं असेल तर दिवाळी ते होळी हा काळ चांगला. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि समाध्या दिसतच नाहीत. साताऱ्याच्या स्टँडवरून कोरेगावकडे जाणाऱ्या एसट्या माहुलीवरूनच जातात. रेल्वेने येणाऱ्यांना तर सातारा स्टेशन शहरापेक्षा माहुलीलाच जवळ. आधी संगम माहुली पाहा, गुरवांना विचारून समाध्यांकडे उतरा, मग पलीकडे जा. घाटावर दहाव्याचे विधी चालू असतील तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि वरच्या पायरीवर थांबा, तासाभरात घाट मोकळा होतो.