कांडी भरणारीची मजुरी

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या हातमागाच्या दुकानात तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांच्या साड्या टांगलेल्या दिसल्या की आत आलेलं माणूस आधी किंमत विचारतं, आणि ती ऐकली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, म्हापशाच्या बाजारात हीच कुणबी साडी सहाशेला मिळते, तुमची साडेतीन हजारांना का? हातमागाची घेतली तर पर्यावरण खरंच वाचतं का?" पुण्या-मुंबईहून आलेल्या मुली हे विचारतात, इथल्या कॉलेजातल्या पोरी विचारतात, परवा माझ्या नणंदेनंही विचारलं. गिऱ्हाईक ताटकळत असताना दोन वाक्यांत उत्तर द्यायचं माझ्या जिवावर येतं. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सावकाश लिहिते.

आधी पर्यावरणाचं. वाचतं, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. मागाला वीज लागत नाही, हातापायांच्या जोरावर तो चालतो, हे खरं. सहाशेची साडी बहुतेक वेळा पॉलिस्टरची असते. ती धुताना तिचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात, आणि फाटून टाकून दिली तरी वर्षानुवर्षं कुजत नाही. सुती साडीचे तंतूही निघतात, ते मात्र कुजून जातात, आणि साडीही. पण गोव्यात कापूस पिकत नाही. आमचं सूत बाहेरच्या गिरण्यांतून लड्यांमध्ये येतं, आणि त्या कापसाला कुठेतरी पाणी आणि फवारण्या लागलेल्याच असतात. तांबडा रंगही बहुतेक साड्यांत रासायनिकच असतो. मंजिष्ठेचा हवा असेल तर तुरटी लावून वेगळं रंगवावं लागतं, ते आम्ही मागणी असेल तरच करतो. हातमाग म्हटलं की सगळं आपोआप नैसर्गिक झालं असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. साडी दहा-बारा वर्षं नेसलीत, मग तिचं पोरीला परकर-पोलकं शिवलंत, तर निसर्गावरचा भार हलका होतो. कपाटात घडी मोडायची वाट बघत पडून राहिली तर हातमागाची असूनही काही उपयोग नाही.

एवढंच असतं तर मी हे दुकान चालवलं नसतं. माझं खरं उत्तर मजुरीचं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक सांगायला हवं. तिकडे कुणबी म्हटलं की शेतकरी समाज डोळ्यांसमोर येतो. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप हे इथले आदिवासी समाज, २००३ साली त्यांची अनुसूचित जमातींत नोंद झाली. ही साडी त्यांच्या बायकांची. ती आखूड, पिंढऱ्या उघड्या राहतील अशी नेसायची आणि पदराची गाठ खांद्यावर मारायची. चिखलात उभं राहून लावणी करायची तर पायात घोळणारा कपडा चालत नाही, आणि खांद्यावर गाठ असली की दोन्ही हात मोकळे राहतात. सगळी रचना शेतातल्या कामावरून ठरलेली. मग यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, तसं इथल्या मागांवर या साड्या विणणं थांबत गेलं. शिगम्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणबी नाच बसवला की पोरींच्या अंगावर चौकडे दिसायचे, तेही बाहेरून आलेलेच. २०१० मध्ये फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी फॅशन वीकच्या मंचावर नेली, शहरातल्या बायकांना नेसता येईल एवढी लांब केली, तांबड्याखेरीज इतर रंगांत आणली. कोलवाळच्या या माणसाचे उपकार मी मानते. शेतात राबणाऱ्या बाईच्या कपड्याकडे ज्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं, त्यांना तो हवासा वाटू लागला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. पण मंचावर साडी चालते तेव्हा तिच्यामागचं कोणतं काम मोजलं गेलं आणि कोणतं नाही, हे दिसत नाही. तेवढ्यासाठी मागाजवळ यावं लागतं.

आमच्याकडे चार बायका विणतात आणि त्यांच्या घरच्या, शेजारच्या आणखी काहीजणी बाकीचं करतात. हे 'बाकीचं' म्हणजे काय ते नीट सांगते, कारण साडीच्या किंमतीतला निम्मा वाद इथेच आहे.

लडी आली की ती आधी धुवायची, मग तिला खळ द्यायची. आम्ही उकड्या तांदळाच्या पेजेची देतो. खळ कमी पडली तर दोरा फणीत, म्हणजे दोरे वेगळे धरणाऱ्या मागाच्या कंगव्यात, घासून तुटतो, जास्त झाली तर कडक होऊन तुटतो. मग ताणा, म्हणजे साडीचे उभे दोरे, ओढायचा. चौकड्यात तांबडे किती दोरे, पांढरे किती, हे ताणा ओढतानाच मोजत जावं लागतं. एक दोरा चुकला तर ती चूक पाच-सहा साड्यांभर खालपर्यंत जाते. नंतर सांधणी. जुन्या ताण्याची जी शेवटची टोकं मागावर राहिलेली असतात, त्यांतल्या प्रत्येकाला नव्या ताण्याचा दोरा जोडायचा. साडीचा पन्हा अठ्ठेचाळीस इंच आणि इंचात साठ दोरे धरले तर हे झाले २,८८० दोरे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन्ही टोकं धरून, बोटांना किंचित राख लावून पीळ द्यायचा आणि तो मागे मोडून दाबायचा. गाठ दिसत नाही, पण ओढली तर सुटत नाही. दोघी समोरासमोर बसल्या तरी आख्खा दिवस त्यातच जातो. आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकी हे करतात. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही, बोटांनीच दोरा ओळखतात. माझी बोटं अजून त्या वेगानं चालत नाहीत.

आणि कांड्या. आडवा दोरा, म्हणजे बाणा, ताण्यातून इकडून तिकडे नेतो तो धोटा. धोट्यात बसते ती छोटी नळी म्हणजे कांडी, तिच्यावर बाण्याचं सूत रहाटावर भरून घ्यावं लागतं. विणणारी मागावर बसली की तिला कांड्या कमी पडता कामा नयेत. हे काम घरातली सासू करते, शाळेतून आलेली पोर करते, भात शिजत असताना जाऊबाई करते. आणि जवळजवळ सगळीकडे ते फुकट धरलं जातं.

कारण मजुरी साडीवर ठरते. साडी उतरली की पैसे. विणायला दोन-तीन दिवस लागतात ते सगळ्यांना दिसतं, आणि ते कष्टाचं आहेच. साडेपाच मीटर म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास इंच, इंचात पन्नास बाणे धरले तरी धोटा दहा हजारांवर वेळा इकडून तिकडे जातो. प्रत्येक वेळी पायाखालची पावडी दाबायची, धोट्याची दोरी ओढायची, बाणा घट्ट बसवायला हात्या ठोकायचा. तो ठोकाही सारखाच पडायला हवा. ठोका जोरात पडला तर चौकडा बसका होतो, हलका पडला तर उभट. दिवसाच्या शेवटी हात दमतो तसे चौकडे लांबू लागतात, म्हणून आमच्या बायका मोजपट्टी जवळ ठेवतात. एवढं करून मजुरी मिळते ती विणणारीला. खळ, ताणा, सांधणी, कांडी हे सगळं त्याच पैशांत गृहीत.

केंद्र सरकारची २०१९-२० ची हातमाग गणना काढून पाहा. देशात ३५ लाखांवर माणसं या धंद्यात, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक बायका, आणि दोन तृतीयांशाच्या आसपास घरांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत. अख्ख्या घराची मिळून ही मिळकत. अशा घरातली मुलगी मॉलमध्ये किंवा हॉटेलात नोकरीला गेली तर मला तिचं कौतुकच वाटतं. तिथे महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार हातात पडतो. तिनं परंपरा जपावी म्हणून मागावर बसावं असं सांगायचा हक्क आपल्याला नाही. मागावर बसून तेवढंच मिळालं तर ती बसेल, इतकी साधी गोष्ट आहे.

म्हणून आम्ही कांडी आणि सांधणीचे पैसे वेगळे, दिवसाच्या हिशेबानं देतो. ज्या बाईनं केलं तिच्या हातात, विणणारीच्या मार्फत नाही. साडेतीन हजारांतला मोठा भाग हा सगळ्या मजुरीचा आहे. सूत आणि रंग त्या मानाने थोडे. दुकानाचं भाडं आणि माझी मिळकत त्यातच येते, आणि ती यायलाच हवी, नाहीतर हे दोन वर्षांत बंद पडेल.

सहाशेच्या साडीला मी नावं ठेवत नाही. केपे-सांगे तालुक्यांकडच्या म्हाताऱ्या गावडी बायका आज तीच घेतात. पावसात रात्री धुतली की सकाळी वाळते, आणि त्यांना परवडते. ज्यांची ही साडी, त्यांनाच हातमागाची परवडू नये हे मला फार लागतं. पौषात धालो, म्हणजे बायकांचा रात्रीचा गाण्या-नाचाचा उत्सव, आला की आम्ही जुन्या मापाची आखूड साडी विणतो आणि मांडावर, म्हणजे गावाच्या ठरल्या जागेवर, खेळणाऱ्या बायकांना नफा न घेता देतो. उत्तर म्हणून ते अपुरं आहे, ठाऊक आहे.

माझा राग आहे तो यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकण्यावर. १९८५ च्या कायद्यानं काही साड्या, लुंग्या, टॉवेल असे ११ प्रकार हातमागासाठी राखून ठेवले आहेत, पण बाजारात कोण तपासतं? तुम्हीच तपासा. काठाची कड हातात धरा. बाण्याचा दोरा कडेला वळून परत आत गेलेला दिसला पाहिजे. कडेला कापलेल्या दोऱ्यांची झालर दिसली तर ते नव्या यंत्रमागाचं काम, यात शंका नाही. उलटी बाजू पाहा, रंग फिका असेल तर चौकडे छापलेले आहेत. चार-पाच ठिकाणी चौकडे मोजा. सगळे अगदी तंतोतंत सारखे असतील तर जरा थांबा आणि विचारा. २००६ पासून सरकारची हँडलूम मार्कची चिठ्ठी असते, तीही बघा. आणि शेवटी विकणाऱ्याला विचारा की कांड्या कुणी भरल्या. ज्याला माहीत असतं तो लगेच सांगतो.

पावसाळ्यात मात्र उशीर होतो, तेवढं सांभाळून घ्या. दमट हवेत सुती दोरा कमी तुटतो, विणायला खरं तर ते दिवस चांगले. पण खळ दिलेलं सूत वाळत नाही, बुरशी धरतं, आणि जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागात पाणी झिरपतं. त्यामुळे आषाढ-श्रावणात आम्ही आधी वाळवून ठेवलेल्या सुतावरच विणतो, नवा ताणा ओढत नाही.

चतुर्थीनंतर नवा ताणा चढेल. ज्यांना रंग वेगळा हवा त्यांनी त्याआधी कळवा. आडवा रंग आम्ही साडीगणिक बदलून देऊ शकतो, पण उभा रंग ताण्याबरोबरच ठरतो, आणि सहा साड्या उतरेपर्यंत तोच राहतो.