अँटवर्प ते लायडन: जुन्या छापचित्रांच्या मागावर पाच दिवस

गोव्याच्या एका जुन्या छापचित्रावर शहर जिंकल्याचं साल लिहिलंय १५०९. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला तो १५१० मध्ये. आधी वर्षाच्या सुरुवातीला, मग हातचा गेल्यावर पुन्हा २५ नोव्हेंबरला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते पान समोर उघडलं गेलं तेव्हा माझी नजर आधी त्या आकड्यावरच गेली. साडेचारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कोलोन शहरात बसून कुणीतरी आपला गोवा तांब्याच्या पत्र्यावर कोरला. ऐकीव माहितीवर, कुणाच्या तरी आराखड्यावरून. ते पान प्रत्यक्ष बघायचं हे बरीच वर्षं मनात होतं. या ऑक्टोबरात जमलं. भाचा नेदरलँड्समध्येच आइंडहोव्हनला शिकतो, त्यामुळे राहायची सोय झाली आणि सोबतही.

पाच दिवसांत अँटवर्प, लायडन, ॲमस्टरडॅम एवढंच केलं. ज्यांना जुनी शहरचित्रं, नकाशे, छपाई यांत रस आहे त्यांनी याच क्रमाने जावं असं मी सांगेन. आधी चित्रं छापली कशी जायची ते बघा, मग चित्रं बघा. उलट केलंत तर निम्मं हातातून निसटतं.

बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये जायचं ते प्लँटिन-मोरेटस या छपाईच्या संग्रहालयासाठी. फ्रेयडाखमार्क्ट नावाच्या छोट्या चौकात आहे. सोमवारी बंद असतं. आम्ही शुक्रवारी गेलो, तर सकाळी चौकात जुन्या सामानाचा लिलाव चालू होता. जमलं तर तुम्हीही शुक्रवारच धरा. सेंट्रल स्टेशनपासून रमतगमत पंचवीस मिनिटं चालत, किंवा ट्रामने ग्रूनप्लाट्सला उतरून पाच मिनिटं. स्टेशनजवळ हिऱ्यांचा बाजार असल्याने गुजराती-जैन मंडळी या शहरात बरीच आहेत, शाकाहारी जेवणाची चिंता नको.

क्रिस्तोफ प्लँटाँ (नावातला प्लँटिन तो हाच) हा फ्रेंच माणूस इथे येऊन १५५५ पासून छापखाना चालवू लागला. त्याच्यामागे जावई यान मोरेटस आणि मग मोरेटस घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या. १८७६ मध्ये घराण्याने वाडा, यंत्रं, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं), कागदपत्रं सगळं शहराला विकलं, आणि पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं. त्यामुळे इथे मांडणी अशी नाहीच, छापखानाच आहे. २००५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. खिळ्यांच्या पेट्या जिथे होत्या तिथेच, मुद्रितं तपासणाऱ्यांची खोली तशीच, खिडकीजवळ लांब ओकचं टेबल. शेवटाला १६०० च्या आसपासची दोन लाकडी छपाईयंत्रं उभी आहेत, जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी. माझे आजोबा साताऱ्यात छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे होते. खिळ्यांच्या त्या तिरप्या पेट्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. पेटीतल्या घरांचा आकार अक्षर किती लागतं त्यावर ठरतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं; इथेही सगळ्यांत मोठं घर ‘e’चं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे सगळीकडे उपयोगी पडते. लाकडी ठशात रेघ उंच ठेवतात आणि बाकीचं लाकूड कोरून काढतात. त्यामुळे ठसा खिळ्यांच्या शेजारी बसवून मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येतं. तांब्याच्या पत्र्यावर उलट. तिथे रेघच खणलेली असते, शाई त्या चरीत भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद दोन रुळांमधून इतक्या जोराने दाबायचा की त्याने चरीतली शाई उचलावी. म्हणून ताम्रचित्रासाठी यंत्र वेगळं, खर्च वेगळा, आणि पुस्तकात मजकूर एका यंत्रावर, चित्र दुसऱ्यावर. रेघेची बारकाई मात्र तांब्यातच. पुस्तकाच्या पानावर शहरातलं एकेक छप्पर दाखवायचं तर तांबंच बरं. संग्रहालयात दोन्ही प्रकारचे मूळ ठसे आहेत, लाकडी तर हजारोंनी. काचेच्या अगदी जवळ जाऊन तिरप्या उजेडात तांब्याचा पत्रा बघा. सगळं उलटं कोरलेलं असतं, अक्षरंसुद्धा.

याच संग्रहात व्हर्जिलियस बोनोनियेन्सिस याने १५६५ मध्ये केलेलं अँटवर्पचं भलंमोठं विहंगमचित्र आहे, अडीच मीटरहून रुंद. जगात याची एवढीच प्रत उरलीय. पण कागदाला उजेड सोसत नाही, त्यामुळे अशा वस्तू आलटूनपालटून मांडतात. एखाद्या विशिष्ट चित्रासाठी जाणार असाल तर आधी ईमेल करून विचाराच. दालनांत उजेड मंद असतो. वाचायचा चष्मा विसरू नका.

बाहेर पडल्यावर थेट नदीकडे चालत जा. सिंट-आना बोगदा म्हणून पादचाऱ्यांचा बोगदा आहे, १९३३ चा, शेल्ट नदीखालून ५७२ मीटर. खाली उतरायला लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने आहेत. पलीकडच्या काठावर निघालात की मागे वळून बघा. अँटवर्पची बहुतेक जुनी चित्रं याच बाजूने काढलेली आहेत, पुढे नदी आणि जहाजं, मागे शहर, मध्ये कॅथीड्रलचा १२३ मीटरचा मनोरा. मोबाइलवर जुनं चित्र उघडून समोर धरलं तर मनोरा जिथल्या तिथे बसतो. हे मोफत आहे आणि संध्याकाळी पाचच्या उजेडात फार सुंदर दिसतं.

लायडनला अँटवर्पहून रॉटरडॅममार्गे ट्रेनने जाता येतं. विद्यापीठ ग्रंथालय विटे सिंगल या कालव्याच्या काठी आहे. दुर्मीळ पुस्तकं बघायची तर अगोदर नावनोंदणी, कॅटलॉगमधून पुस्तक शोधून मागणी आणि वेळ ठरवणं, हे सगळं निदान दोन आठवडे आधी करून ठेवा. संशोधक असायलाच हवं असं नाही, पण नेमकं काय बघायचंय आणि का, हे दोन ओळींत लिहिता आलं पाहिजे. पासपोर्ट जवळ ठेवा. बॅग, पेन, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल. हातमोज्यांची अपेक्षा ठेवू नका. जुन्या कागदाला स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच बरे, कारण मोज्यात कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. पुस्तक मऊ आधारावर ठेवून देतात, पान वरच्या कोपऱ्याला धरून सावकाश उलटायचं.

मी दोन पुस्तकं मागितली होती. पहिलं गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांचं शहरांचं पुस्तक, ‘सिविटाटेस ऑर्बिस टेरारुम’. पहिला खंड १५७२ चा, सहावा १६१७ चा, मिळून पाचशेच्या वर शहरं. होगेनबर्ग मूळचा अँटवर्पजवळच्या मेखेलेनचा. स्पॅनिश राजवटीच्या छळामुळे त्याने देश सोडला आणि कोलोन गाठलं. ब्राउन तिथला धर्मगुरू. प्रस्तावनेत ब्राउनने एक चमत्कारिक कारण दिलंय. चित्रांच्या पुढच्या भागात माणसं मुद्दाम घातली, कारण मनुष्याकृती तुर्कांच्या धर्माला चालत नाहीत, म्हणजे ते ही शहरचित्रं युद्धासाठी वापरणार नाहीत. मला मात्र ती माणसंच सगळ्यात आवडली. पॅरिस, व्हेनिस, लंडनच्या चित्रात त्या त्या शहराचा पेहराव करून पुढे उभी आहेत.

पहिल्याच खंडात गोवा आहे. एकाच पानावर चार गावं: मोरोक्कोतली अन्फा, म्हणजे आजचं कासाब्लांका, आणि अझेमूर, शिवाय दीव आणि गोवा. दुसऱ्या पानावर कालिकत आणि कण्णूर. कालिकतच्या काठावर हत्ती आहे, होड्या बांधण्याचं काम चालू आहे. ते कुणीतरी बघून सांगितलेलं वाटतं. गोवा तसा नाही. पुढे पाणी आणि जहाजं, मागे तटबंदी, बुरूज, दाटीवाटीने घरं. भाचा म्हणाला, “मावशी, हे तर ऱ्हाइनकाठचं गाव आहे.” खरंच. कोरणाऱ्याला छप्पर म्हटलं की त्याच्या गल्लीतलं छप्पर आठवलं असणार. मी बहिर्गोल भिंग घेऊन तासभर त्या चार बोटांच्या जागेवर होते.

दुसरं पुस्तक अथानासियस किर्खरचं ‘चायना इलुस्ट्राटा’, ॲमस्टरडॅम, १६६७. किर्खर रोममध्ये राहणारा जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री, चीनला कधीच गेला नाही. तिथून आलेल्या जेझुइटांच्या पत्रांवर आणि चित्रांवर त्याने हे पुस्तक उभं केलं. जियांगशी प्रांतातल्या ड्रॅगन-वाघ डोंगराचं चित्र यात आहे. डोंगरावर ड्रॅगन आणि वाघ समोरासमोर. पण मी गेले होते ‘पुस्सा’साठी. कमळावर बसलेली देवी, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले कितीतरी हात, त्यांत तलवार, पुस्तक, फळ, चक्र. किर्खरने तिला प्राचीन इजिप्तच्या देवीवरून चीनची आयसिस म्हटलं आणि तिचं मूळ थेट इजिप्तमध्ये नेऊन ठेवलं. मराठी माणूस ते चित्र बघतो तेव्हा त्याला आपल्या देवघरातली अष्टभुजा दिसते, आणि ते फारसं चूक नाही. पुस्सा म्हणजे चिनी ‘पुसा’, आणि पुसा हे बोधिसत्त्व या शब्दाचंच चिनी जिभेवर आखडलेलं रूप. भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेला अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व तिथे ग्वानयिन झाला, देवी झाला. तेच दैवत चिनी कागदावरून रोमला, आणि रोमहून ॲमस्टरडॅमच्या तांब्यावर आलं. नाव बरोबर पोहोचलं, घर चुकलं.

याच पुस्तकात पुढे अशी पानं येतात की हात थांबतो. देवनागरी! स्वर, व्यंजनं, जोडाक्षरं, आणि एक लॅटिन प्रार्थना देवनागरी अक्षरांत. आग्र्याला राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिख रोथ या जेझुइटाने हे किर्खरला दिलं. युरोपात छापून निघालेली पहिली देवनागरी म्हणून ही पानं ओळखली जातात. अँटवर्पला उलटे पत्रे बघून आलेली असल्यामुळे मला एकच चित्र दिसत होतं: कुणीतरी डच कारागीर, एक अक्षर न कळता, ‘क’ आणि ‘क्ष’ उलटे कोरतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहून ठेवते. वेळ असेल तर तिथेच मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्टुस मलबारिकुस’चा १६७८ चा पहिला खंड मागवा. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या वैद्यांचं नागरीतलं कोंकणी निवेदन आहे. मला वेळ पुरला नाही.

ॲमस्टरडॅमबद्दल थोडक्यात. रेइक्सम्युझियमचं तिकीट वेळेसह आधी ऑनलाइन घ्यावं लागतं. आतलं जुनं ग्रंथालय सज्जातून बघायला मिळतं. त्यांची छापचित्रं मोठ्या आकारात मोफत डाउनलोड करता येतात, तेव्हा तिथे गर्दीत फोटो काढत बसू नका. त्यापेक्षा शुक्रवारी असाल तर स्पाउ चौकातला जुन्या पुस्तकांचा बाजार करा.

विकत घ्यायचं असेल तर भिंग खिशात हवंच. एका दुकानात मला ‘सोळाव्या शतकातला गोवा’ म्हणून रंगवलेलं पान दाखवलं गेलं. भिंगाखाली रेघा नव्हत्या, रंगीत ठिपक्यांची जाळी होती, म्हणजे आजच्या ऑफसेटची छपाई. मूळ ताम्रचित्रात चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. कागद उजेडाकडे धरला की समांतर जाळीच्या रेघा दिसतात. ब्राउन-होगेनबर्गच्या पानाला मध्ये घडी आणि मागे छापील मजकूर असतो. मागची बाजू दाखवायला दुकानदार कां-कूं करत असेल तर सरळ बाहेर पडा. शिवाय पान पुस्तकातून फाडून काढलेलं असतं हेही मनात असू द्या. मी शेवटी काहीच घेतलं नाही. ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी: हायडेलबर्ग विद्यापीठाने शहरांचं पुस्तक ऑनलाइन ठेवलंय, किर्खर इंटरनेट अर्काइव्हवर आहे.

परतल्यावर पहिल्या रविवारी कान्हेरीला गेले. ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. बोरिवलीच्या उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत बस मिळते, पण ४१ क्रमांक बराच वर, डोंगराच्या अंगाला आहे. पाणी सोबत घ्या, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. दगड झिजलाय. मोबाइलवर किर्खरची पुस्सा उघडून मी त्याच्या शेजारी धरली आणि तिथेच खाली बसले.