मारुत बघायला गेलो, घाटगे भेटले

नात्यातल्या एका लग्नासाठी बंगळूरला जाणं झालं. लग्न व्हायचं तसं झालं, बिसीबेळे भात मागून मागून खाल्ला, 'ओळखलंस का मला?' छापाच्या सगळ्या काकांना ओळखून झालं. एक सकाळ मोकळी मिळाली तसा एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचं, संग्रहालय बघायला निघालो. बायकोने कपाळावर हात मारला आणि ती खरेदीला गेली. दोघांचंही भलं झालं.

जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर रिक्षा इंचाइंचाने सरकत होती. रिक्षावाल्याला संग्रहालय काही लक्षात येईना. मग एकदम त्याची ट्यूब पेटली. "घाटगे हॉल के पास ना?" मी कान टवकारले. घाटगे? बंगळुरात? "कौन घाटगे?" म्हटलं. "मालूम नहीं साब. कन्व्हेन्शन सेंटर है. प्रोग्राम होता है उधर."

मी निघालो होतो मारुत बघायला, कुर्ट टँक या जर्मन डिझायनरने भारतासाठी केलेलं लढाऊ जेट. विमानांचं वेड असलेल्यांना टँक माहीत असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांची झोप उडवणारं फॉक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्याचं. हा गृहस्थ कागदावर रेघा ओढून थांबणारा नव्हता, स्वतःची विमानं स्वतः उडवायचा. युद्धाच्या अखेरीस आपलंच टीए १५२ हे लढाऊ विमान घेऊन चालला असताना अमेरिकन मस्टँग विमानं मागे लागली, तेव्हा त्याने इंजिनाची जादा ताकद वापरून त्यांना सहज मागे टाकलं, असा किस्सा सांगतात. हरलेल्या जर्मनीतून तो खोट्या नावाच्या कागदपत्रांवर अर्जेंटिनात गेला, तिथला राष्ट्राध्यक्ष पेरॉन याच्यासाठी पुल्की दोन हे जेट केलं आणि पेरॉनची सत्ता गेल्यावर १९५६ मध्ये आपल्या माणसांसकट भारतात आला. मला हा माणूस पूर्ण आवडत नाही, हे सांगून टाकतो. हिटलरसाठी विमानं करणारा माणूस नेहरूंच्या भारतासाठीही तितक्याच तन्मयतेने करतो, ही तन्मयता मला जरा घाबरवते. पण मारुत बघितलं की जीभ अडखळते.

कारण विमान देखणं आहे, इलाज नाही. बाजूने उभं राहून बघा: पंख जिथे धडाला भिडतात तिथे कंबर आत घेतलेली. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून धड असं चिंचोळं करतात. हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांशी अर्धा अर्धा शंकू बसवलेला. इथे तयारी सगळी ध्वनीच्या दुप्पट वेगाची आहे. हवाई दलाने मागितलंच होतं तेवढं. आधी याच आकाराचं लाकडी ग्लायडर केलं आणि १९५९ मध्ये डाकोटा या मालवाहू विमानाच्या मागे बांधून ते आकाशात नेलं, इतकी चोख तयारी. मग १७ जून १९६१ ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी मारुत उडवलं.

आणि इंजिन? जे इंजिन धरून डिझाइन केलं ते आलंच नाही. ऑर्फियस या ब्रिटिश इंजिनाची दमदार आवृत्ती पूर्ण करायला ब्रिटिश पैसे मागत होते, आपण दिले नाहीत. शेवटी नॅटसारख्या चिमुकल्या विमानातल्या इंजिनाच्या जातीची दोन इंजिनं, तीही आफ्टरबर्नरविना (मागच्या बाजूला जादा इंधन जाळून जोर वाढवतो तो), या धुडात बसवली. पैलवानाला अर्ध्या भाकरीवर आखाड्यात उतरवण्याचा प्रकार. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मारुतने काम चोख केलं. जेमतेम १४७ बनली. टँकने तर १९६७ मध्येच एचएएल सोडलं होतं.

हे सगळं मनात घोळवत फिरत होतो. शाळेची एक सहल आली होती आणि मिगसमोर फोटोसाठी ढकलाढकली चालली होती. ती टाळायला म्हणून सरकलो तो एचटी-२ या शिकाऊ विमानापाशी. याच्याजवळ कुणीच नव्हतं. पुढे पंखा, मागेपुढे दोन आसनं, पाय न मिटणारे, शेपटीखाली एवढंसं चाक. पोरं लांबूनच 'हेलिकॉप्टर का?' म्हणून विचारून पुढे जात होती. हे विष्णू माधव घाटगे यांचं विमान! कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला. ज्या प्रांटलशिवाय वायुगतिकीचं पुस्तक सुरू होत नाही, तोच. एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. भारतात डिझाइन होऊन इथेच बनलेलं पहिलं विमान. टँक यायच्या पाच वर्षं आधी.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. हवाई दलाच्या किती तुकड्या या विमानावर उडायला शिकल्या! मारुत चालवणाऱ्यांतल्याही कितीतरी जणांचं पहिलं टेकऑफ याच्यावरच झालं असणार. पुढे किरण हे शिकाऊ जेटही घाटगे यांच्याच देखरेखीखाली झालं, १९६४ मध्ये उडालं. हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूच्या कसरतींत आपण सगळ्यांनी माना वर करून बघितलेलं तेच. शिकाऊ विमानाला ग्लॅमर नसतं. ते चुका माफ करणारं हवं, आणि माफ करणारं विमान करणं वेगवान विमान करण्याहून सोपं असतं, असं मला बिलकुल वाटत नाही. आपल्याकडे टँकवर रात्र रात्र वाद घालणारी मंडळी मला माहीत आहेत, त्यांत मीही आहे. घाटगे यांच्यावर असा वाद कधी ऐकला नाही. कोल्हापुरात तरी कोणी घालत असेल का?

बाहेर पडून रिक्षा पकडली. रिक्षावाला म्हणाला, "सुरंजन दास रोड जाम है, घुमाके लेता हूँ." म्हणजे तेच दास, ज्यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. १० जानेवारी १९७० ला आफ्टरबर्नर बसवलेल्या मारुतच्या अपघातात ते गेले. त्या नुसत्या वळशाचे रिक्षावाल्याने मीटरवर वर पैसे मागितले. दिले नाहीत, चांगलं भांडलो.