थरथरणारी कोकरं आणि उलटी मोजणी

दोन्ही तळव्यांवर उचलून धरलं तरी कोकराची थरथर थांबेना. मान आणि कंबर सगळ्यात जास्त कापत होती. खाली ठेवलं की धडपडत आईच्या कासेशी जायचं, सड ओठाला लागायचा आणि मान हलली की सुटायचा. मानेवर आणि पाठीवर लोकरीतून सरळ, राठ केस वर आलेले. हात फिरवला तर शेळीच्या पाठीवरून फिरवतोय असं वाटावं. थोड्या वेळानं ते दमून झोपलं आणि अंग शांत झालं. उठायला लागलं की थरथर पुन्हा सुरू.

"तांबं कमी पडलंय ना, डॉक्टर?" मालकानं विचारलं. शंका अगदीच चुकीची नव्हती. गाभणपणात तांबं कमी पडलं तर कोकरं मागच्या पायांत लुळी पडतात, चालताना मागचा भाग झोलतो. पण त्यात लोकर अशी केसाळ होत नाही, आणि सगळं अंग असं बारीक कापतही नाही. शिवाय मेंढीला अंदाजानं तांबं पाजणं धोक्याचं. त्याची विषबाधा तिला फार लवकर होते. बाटली उघडू नका म्हणालो.

केसाळ आणि थरथरणारं, अशी दोन्ही लक्षणं एका कोकरात दिसली की पहिलं नाव बॉर्डर डिसीजचं. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या कळपांत तो १९५९ साली पहिल्यांदा नोंदला गेला, नाव त्यावरून पडलं. विषाणू पेस्टीव्हायरस या गटातला, गुरांमधल्या बीव्हीडी या जुलाबाच्या रोगाच्या विषाणूचा भाऊबंद. गाभातल्या पिल्लाच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण तो नीट तयार होऊ देत नाही. थरथर त्यातून येते. सांधे आखडलेले, पाय वाकडे, कवटीत मेंदूच्या जागी पाणी असं काही असतं, तर मी अकाबाने किंवा श्मालेनबर्ग या चिलटांमुळे पसरणाऱ्या विषाणूंकडे वळलो असतो आणि चिलटांचा हंगाम विचारला असता. इथं सांधे मोकळे होते.

मालकाच्या वहीत तीन तक्रारी तीन वेगळ्या पानांवर होत्या. बऱ्याच मेंढ्या लागल्या असं वाटूनही रिकाम्या निघाल्या, म्हणून मेंढा कमजोर. दहाएक गाभडल्या, म्हणून चारा बुरसट. आणि आता ही कोकरं, म्हणून तांबं कमी. मोठ्या मेंढ्यांपैकी आजारी एकही पडली नव्हती. हाच या रोगाचा लबाडपणा: मेंढीला जेमतेम ताप येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि हिशेब काही महिन्यांनी वाड्यात निघतो.

म्हणून मोजणी उलटी करावी लागते. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा. मेंढे सोडल्याची तारीख वहीत होती, सहा आठवड्यांनी ते काढले होते. पहिल्या दोन आठवड्यांत व्यायलेल्या मेंढ्यांची कोकरं ठणठणीत, बिघाड तिसऱ्या आठवड्यापासून. म्हणजे आधी लागलेल्या निभावल्या, मागाहून लागलेल्या सापडल्या. मी विचारलं, पहिली मेंढी व्यायच्या दोनेक महिने आधी कळपात नवं काय आलं? मालक थोडा घुटमळला. बारा तरण्या मेंढ्या विकत आणल्या होत्या.

त्या आल्या तेव्हा सुरुवातीला लागलेल्या मेंढ्यांचा गाभ तीन महिन्यांच्या आसपास होता, शेवटी लागलेल्यांचा दीड महिन्याचा. पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती गाभाच्या साधारण साठ ते पंच्याऐंशी दिवसांच्या दरम्यान उभी राहते. त्यानंतर विषाणू पोचला तर पिल्लू प्रतिपिंडं तयार करतं आणि बहुधा निरोगी जन्मतं. त्याआधी पोचला तर पिल्लाचं शरीर त्याला परका मानतच नाही. अशातले काही गाभ जिरतात, काही सुकून किंवा अर्धवट वाढून पडतात, आणि जी पिल्लं तगतात ती विषाणू घेऊनच जन्मतात आणि जन्मभर तो नाक, लाळ, मूत्र, वीर्य यांतून टाकत राहतात. वहीतली तिन्ही पानं एकाच दुखण्याची होती.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मेंढी पाय मारायला लागली. याच संधीची मी वाट बघत होतो. मेंढीच्या वारेतून आईची प्रतिपिंडं पिल्लात उतरत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. म्हणून चीक प्यायच्या आधीचं रक्त सगळ्यात खरं बोलतं: त्यात प्रतिपिंडं सापडली तर ती पिल्लानं स्वतः, गाभात असतानाच बनवलेली. एकदा चीक पोटात गेला की आईची प्रतिपिंडं रक्तातल्या विषाणूला झाकतात, आणि पुढे दोनेक महिने तपासणी फसवू शकते. पहिल्याच दिवशी रक्त घ्यायचं राहिलं आणि नंतर अहवाल 'निर्दोष' आला, असं फार वेळा होतं.

जुळी झाली. पहिलं बारीक, थरथरतं, केसाळ. दुसरी मादी, वजनाला चांगली, कुरळ्या लोकरीची, पाच मिनिटांत उभी. दोघांच्या मानेतल्या शिरेतून प्रत्येकी तीन मिली रक्त घेतलं. थोडं ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत, पीसीआरसाठी, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीसाठी, उरलेलं साध्या नळीत प्रतिपिंडांसाठी. ईडीटीएची नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी लागते, नाहीतर गुठळी होऊन नमुना वाया जातो. मग लगेच चीक पाजला, किलोला ५० मिली. बारक्याला चोखता येत नव्हतं म्हणून नळीनं.

सकाळीच पडलेला एक गाभ आणि त्याची वार पिशवीत ठेवलेली होती. तिला हात लावण्याआधी हातमोजे घातले आणि घरातल्या गरोदर बाईला वाड्याबाहेर पाठवलं. संशय बॉर्डर डिसीजचा असला तरी क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, क्यू फीवर ही गाभडण्याची इतर कारणं बाद झालेली नसतात, आणि ती माणसालाही बाधतात. वारेचे चकते, पिल्लाच्या जठरातलं पाणी आणि प्लीहा बर्फावर. मेंदूचा अर्धा भाग बर्फावर, अर्धा त्याच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये. फ्रीझरमध्ये काही नाही; गोठलेल्या ऊतीचा सूक्ष्मदर्शकाखाली चिखल दिसतो.

बाराही नव्या मेंढ्यांचं आणि मेंढ्यांवर सोडलेल्या नरांचं रक्त घेतलं. नव्या मेंढ्यांसोबत विक्रेत्यानं तपासणीचा कागद दिला होता, मालकानं तो अभिमानानं दाखवला. वाचून हसू आवरलं. तपासणी फक्त प्रतिपिंडांची होती. ज्या मेंढीनं विषाणूला जन्मापासून आपला मानलाय तिच्या रक्तात प्रतिपिंडं नसतातच. त्या कागदावर सगळ्यात स्वच्छ निकाल तिचाच येणार.

अहवाल आले. क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, क्यू फीवर काही निघालं नाही. पडलेल्या गाभात पेस्टीव्हायरस. नव्या बारांपैकी एकीच्या रक्तात विषाणू. तात्पुरती लागण असेल तर तो लवकरच निघून जातो, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही तो होताच. नर दोन्ही मोकळे. आणि जुळ्यांत, थरथरणाऱ्याच्या रक्तात विषाणू, प्रतिपिंडं शून्य. त्या गुबगुबीत मादीच्या रक्तातही अगदी तेच.

तिच्या कानाजवळ मालकानं आधीच रंगाचा ठिपका दिला होता, पैदाशीला ठेवायची म्हणून. "हिला काय झालंय? बघा तरी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि बघण्यासारखं खरोखरच काही नव्हतं. थरथरणाऱ्या कोकरांची भीती मला त्या मानानं कमी वाटते. ती बहुतेक मरतात, जगली तरी त्यांची ओळख पटते, फक्त तीन-चार महिन्यांत थरथर ओसरली की मालक विसरतो. ही मात्र मोठी होऊन गाभण राहील, तिची सगळी पिल्लं विषाणू घेऊन जन्मतील, आणि मेंढे सोडले की सगळा कळप पुन्हा तोच हंगाम बघेल.

आजारी कोकरं रिकाम्या मेंढ्यांत सोडायची, म्हणजे माज येण्याआधीच त्यांना प्रतिकारशक्ती येईल, असा एक जुना उपाय आहे. एकही गाभण मेंढी चुकून त्यांच्यात राहिली तर तो उलटतो, म्हणून इथं मी तो सुचवला नाही. मागाहून व्यायलेल्यांच्या सगळ्या कोकरांची तीन महिन्यांनंतर विषाणूसाठी तपासणी, गुरांपासून वेगळं कुंपण, नव्या जनावराला विषाणूच्या तपासणीशिवाय प्रवेश नाही, एवढं ठरलं. पुढचे मेंढे सोडायला अजून बरेच आठवडे होते. ती नवी मेंढी आणि विषाणू निघालेली कोकरं त्याआधीच थेट कत्तलीला जातील, दुसऱ्या कुणाच्या कळपात विकली जाणार नाहीत, हे मालकाकडून त्याच वहीत लिहून घेतलं. ठिपकेवालीचा नंबर त्यानं सगळ्यात शेवटी लिहिला.