मैदानवही: खान्देशातल्या मुलांसाठी फुटबॉलचं पुस्तक, काम कुठवर आलं

मैदानवहीच्या ४८ पानांपैकी बहुतेक आता मैदानावर उघडून वापरता येतील अशी झाली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या आणि त्यासाठी आपली वही बांधायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी ही नोंद. कसोटी एकच आहे: पान उघडल्यापासून मिनिटभरात खेळ सुरू व्हायला हवा. जे पान समजायलाच पाच मिनिटं लागतात ते कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी मैदानावर कुणी उघडत नाही.

मांडणी

डावं पान मुलाचं, उजवं शिकवणाऱ्याचं. मुलाच्या पानावर एक चित्र, चाळीसच्या आत शब्द, अक्षर १८ पॉइंट. खाली एक प्रश्न, मराठीत आणि अहिराणीत: "मोकळी जागा कोठे शे?" शिकवणाऱ्याच्या पानावर जागा किती, मुलं किती, चेंडू किती, आणि "काय बिघडतं" हा रकाना. हा रकाना आम्ही सगळ्यांत जास्त जागा देऊन ठेवला आहे. सराव कसा मांडायचा हे बहुतेक पुस्तकं सांगतात. मांडल्यावर तो का फसतो हे फार थोडी सांगतात, आणि नवख्या प्रशिक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

चित्रातल्या रेषा पक्क्या झाल्या: सलग रेष म्हणजे पास, तुटक म्हणजे चेंडूविना धाव, नागमोडी म्हणजे ड्रिबल, पायाने चेंडू ढकलत नेणं. पुस्तकागणिक या खुणा बदलतात, म्हणून दुसऱ्या पुस्तकातलं चित्र उतरवण्याआधी त्यातली खुणांची चौकट बघावीच लागते, नाहीतर पासच्या जागी मुलं धावत सुटतात. दोन संघ लाल-निळ्याऐवजी गोल आणि त्रिकोणाने दाखवले आहेत. वही पुढे झेरॉक्सवरच फिरणार, आणि झेरॉक्समध्ये लाल-निळं दोन्ही करडंच उमटतं.

पुस्तकातले आकडे आपल्या मैदानावर आणताना

सगळ्यात जास्त काम इथे झालं. परदेशी पुस्तकात सराव १२ मुलांचा, ३० बाय २० मीटरचा असतो. आपल्याकडे त्या दिवशी ८ मुलं आली तर तेवढ्याच जागेत खेळवून चालत नाही. ६०० चौरस मीटर भागिले १२ म्हणजे मुलामागे ५० चौरस मीटर; ८ मुलांना ४०० लागतात, म्हणजे २५ बाय १६. मुलामागची जागा तीच ठेवली की खेळाचा वेगही जवळपास तोच राहतो. हा हिशेब आता प्रत्येक पानावर तयार करून छापला आहे.

मोजायला १० मीटरची नायलॉनची दोरी, दर मीटरला लाल चिंधी. सुतळी घेऊ नका, भिजली की आखडते. मोठ्या माणसाचं एक पाऊल साधारण पाऊण मीटर धरलं तर २० मीटरला २७ पावलं होतात; घाईत तेवढंही पुरतं. खुणांसाठी कोन नसतील तर सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे चालतात. विटा आणि दगड नकोत, घोटा मुरगळतो. रेषांसाठी फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी, कळीचा चुना कधीच नाही. तो डोळ्यात गेला तर इजा होते.

दुसरा आकडा रांगेचा. २० मुलं, एक चेंडू, प्रत्येकाला ६ सेकंद: एक फेरी दोन मिनिटांची, म्हणजे वीस मिनिटांत प्रत्येक मुलाला दहाच संधी. तीच मुलं चार-चारच्या पाच रांगांत, पाच चेंडूंवर उभी केली तर फेरी २४ सेकंदांची होते आणि संधी पन्नास. चेंडू कमी असतील तर रांगच मोडा. २४ मुलं, चार चेंडू: सहा-सहाचे चार गट करा, प्रत्येकात चार जण पास देणारे, दोन चेंडू हिसकावणारे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १० बाय १० मीटरचा चौकोन, नवशिक्यांना १२ बाय १२.

या खेळाचा "काय बिघडतं" रकाना असा भरला आहे. सलग दहा पास होऊनही चेंडू हिसकावला जात नसेल तर चौकोन एका मीटरने कमी करा. तीन पाससुद्धा होत नसतील तर दोन मीटरने वाढवा. पास देऊन मूल जागीच उभं राहत असेल तर ओरडू नका. थांबवून एकच विचारा, "आता तुला परत पास कुठून मिळेल?" बोलणं अर्ध्या मिनिटाच्या आत संपवा.

चार गोलांचा खेळही आला आहे. हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने तो फुनिनो नावाने रुजवला: तीन विरुद्ध तीन, मैदानावर चार गोलपोस्ट, प्रत्येक संघाने त्यांतल्या दोनांत चेंडू मारायचा आणि दोन राखायचे. वहीत मैदान २५ बाय २० मीटर, आणि गोलाच्या ६ मीटरच्या आत आल्यावरच मारलेला गोल धरायचा. ही ६ मीटरची रेष फक्कीने आखलीच पाहिजे. ती नसली की मुलं लांबूनच चेंडू हाणतात आणि दुसऱ्या गोलाकडे वळायचा विचार, ज्यासाठी हा खेळ आहे, तो मुळात होतच नाही.

कोपऱ्यातली चित्रं

मुलांना वही हातात घ्यावीशी वाटते ती या चित्रांसाठी. प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चित्र, एकूण २४. अंगठ्याने पानं सोडली की दोनेक सेकंदांत क्रायफची गिरकी दिसते. नेदरलँड्सच्या योहान क्रायफने ती १९७४च्या विश्वचषकात डॉर्टमुंडला स्वीडनविरुद्ध टाकली होती. पहिली आठ चित्रं धाव आणि पाय मागे घेण्याची, पुढची सहा चेंडू टेकलेल्या पायामागून ओढण्याची, उरलेली दहा वळून निसटण्याची. मधल्या सहांत चेंडू प्रत्येक चित्रात थोडाच सरकवा. मुलांना पाहायचं असतं ते तिथेच. मैदानावर ही गिरकी फसते ती टेकलेला पाय चेंडूच्या मागे राहिल्यामुळे. चेंडू आपल्याच टाचेवर आदळतो. पाय चेंडूच्या जरा पुढे टेकला पाहिजे, आणि किक मारण्याचा आव पूर्ण आणला पाहिजे. अर्धवट हूल कुणाला चकवत नाही.

छपाईत दोन गोष्टी सांभाळा. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा, पातळ) कागद घेतला तर दोन-दोन पानं एकदम सुटतात आणि चित्र धडपडतं. १०० जीएसएम घ्या. ए-४ चे १२ कागद मधोमध दुमडले की ए-५ ची ४८ पानं होतात, पण दुमडल्यावर आतले कागद बाहेरच्यांपेक्षा पुढे येतात आणि कटिंगला तेवढी पट्टी त्यांचीच जाते. म्हणून चित्रं कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत. साध्या स्टेपलरचा हात कागदाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. बाइंडरकडे जायचं नसेल तर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. वही चांगली टिकते आणि सपाट उघडते. मैदानावर उघडी ठेवायची पानं लॅमिनेट करायची तर मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर आपल्या उन्हात काही दिसत नाही.

चेंडू, ऊन, माती

चेंडूचं पान लहान आहे. आठ वर्षांच्या आत ३ नंबर, बारापर्यंत ४ नंबर, पुढे ५ नंबर. ५ नंबरचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहान मुलाला तो दिला की ते बोटांच्या टोकाने मारायला शिकतं आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. हवा भरताना पिन ओली करूनच घाला, कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते. पावसाळा सरला की सराटे वाळतात. सरावाआधी मैदानाच्या कडा झाडून घ्या. खडबडीत जमिनीवर टणक चेंडू फार उसळतो, तेव्हा नियमातली किमान हवा, म्हणजे ०.६ बारच्या आसपास, ठेवा.

थंड देशांतल्या पुस्तकांत वॉर्म-अप पंधरा-वीस मिनिटांचा असतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सहा-आठ मिनिटं पुरे, सराव सकाळी साडेसातच्या आत संपलेला, आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी. जुलैत काळी माती बुटांना चिकटते, जमिनीलगतचा पास अडतो. त्या दिवसांसाठी हवेतला चेंडू मांडीने, छातीने थांबवण्याची दोन पानं वेगळी ठेवली आहेत. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, मात्र लहानांच्या भागात नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयाला सरावात हेडिंग नको असं सांगितलं, आणि तो निर्णय आम्हाला पूर्ण पटतो.

नियमांच्या चिठ्ठ्या

जुनी पुस्तकं वापरत असाल तर दोन ठिकाणी चिठ्ठी चिकटवा. गोल किक, म्हणजे आपल्या गोलजवळून खेळ परत सुरू करणारी किक, २०१९ पासून पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची गरज नाही. चेंडू मारला आणि हलला की खेळ सुरू. गोलकीपरने चेंडू हातात धरायची मर्यादा जुन्या पुस्तकांत ६ सेकंद आहे; १ जुलै २०२५ पासूनच्या नियमांत ८ सेकंद, आणि ती ओलांडली तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतो. नियम दर वर्षी १ जुलैला बदलतात, म्हणून हे पान वहीत न शिवता शेवटी सुटं ठेवलं आहे.

अजून बाकी

गोलकीपरची चार पानं. झेप शिकवायला मऊ जमीन लागते आणि आपली बहुतेक मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी होतात. सध्याचा आराखडा शाळेतल्या लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यावर बेतला आहे: आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, शेवटी उभं राहून. पडताना आधी मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा टेकतो. कोपर कधीच आधी नाही. वाळू आधी हाताने चाळून खडे काढायचे, चेंडू शिकवणाऱ्याने हातानेच लोटायचा, आणि दोन्ही बाजूंना सारख्या झेपा घ्यायच्या. ज्यांच्या मैदानाशेजारी असा खड्डा नाही त्यांच्यासाठी गवताच्या पेंढ्या भरलेल्या पोत्यांवरचा सराव आखतो आहोत. पोती किती जाड हवीत आणि एकमेकांना कशी बांधायची हे ठरलं की ती पानं छपाईला जातील.