लग्न सिद्धरामांचं, वऱ्हाड अख्ख्या सोलापूरचं

डिसेंबर संपत आला की मी पुण्यातल्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकते. "कुणाचं लग्न?" असं कुणी विचारलंच तर खरं ते सांगते: सिद्धरामेश्वरांचं. बाहेरच्यांना गड्डा, म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा, नुसते पाळणे आणि भज्यांच्या गाड्या वाटते. मुळात ते लग्नघर आहे.

गोष्ट बाराव्या शतकातली. सिद्धराम बसवण्णांच्या काळातले योगी. कन्नडमध्ये वचनं लिहिली, गावासाठी तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभाराच्या मुलीनं हट्ट धरला, लग्न करीन तर यांच्याशीच. योग्यानं काय करावं? आपला योगदंड पुढे केला, याच्याशी लग्न लाव म्हणाले. ते लग्न नऊशे वर्षं दर संक्रांतीला लागतंय, असं सोलापूर मानतं.

त्या योगदंडाची खूण म्हणून आता ७ नंदीध्वज निघतात. तीसेक फूट उंच काठी, पांढरी बाराबंदी घातलेला एकच माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलतो आणि बाकीचे दोऱ्यांनी तोल सांभाळतात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तेल लागतं. आमच्या घरी त्याला यण्णीमज्जन म्हणतात; नवरदेवाची हळदच म्हणा ना. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता. मंगलाष्टका कन्नड. 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' कानावर पडलं की मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे सगळे एकदम हात वर करतात. अर्थ किती जणांना कळतो, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी होम, त्यावरूनच मैदानाचं नाव होम मैदान. मला तो दिवस जड जातो. बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि अग्नीला देतात. काल अक्षता पडलेली नवरी आज सती. लहानपणी आजीला विचारलं होतं, नवरदेव तर जिवंत आहे, मग ही का जाते? आजी म्हणाली, "सुम्निरू." गप्प बस. उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्याच रात्री भाकणूक, म्हणजे येणाऱ्या वर्षाचं भाकीत. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. ते मुतलं तर पाऊस चांगला, बुजलं तर वर्ष भीतीचं, समोरच्या जिनसांना तोंड लावलं नाही तर भाव स्थिर. माझे काका यावर हसतात. पण तूर विकायची की ठेवायची हे ठरवायच्या आधी वासरानं काय केलं ते हळूच विचारून घेतात.

जानेवारीत सोलापूरला आणखी एक आठवण असते. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. ऐन गड्ड्याच्या तोंडावर. आजही आधी चार पुतळ्यांना हार चढतात, मग तेलाचा दिवस येतो.

कोरोनात मैदान ओस पडलं होतं. लग्न मात्र मोजक्या मानकऱ्यांत लागलं.

पहिल्यांदाच येणार असाल तर अक्षतेच्या दिवशी या, गाडी लांब लावा आणि कट्ट्याजवळची जागा सकाळीच धरा. पाळणे काय, पुढे कितीतरी दिवस फिरतच असतात.